तोटलकोंड्याची बस रद्द नाही, वहिनी

वहिनी,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी सगळ्यांसमोर खोटं बोललो आणि मला कोणी टोकलं नाही.

विहारातल्या बाया होत्या, दादाच्या डिपार्टमेंटमधले रिटायर झालेले सोबती होते, तुमच्या प्रज्ञाच्या सासरची माणसं रायपूरहून आली होती. वंदना झाली, भन्तेजी बोलले, मग कोणीतरी म्हणालं, "सुधाकरभाऊ, तुमी दीर हाय, तुमी दोन शब्द बोला." दोन शब्दांत थांबणारा माणूस मी नाही हे भिलाईपासून दुर्गपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, तरी लोक धोका पत्करतात. मी उभा राहिलो आणि आपली विशाखापट्टणमची गोष्ट सुरू केली. म्हणालो, "वहिनी त्या डोंगरावर दोन तास बसल्या. बसचा ड्रायव्हर रडायला आला." लोक ओल्या डोळ्यांनी हसले. आणि मी सवयीनं थांबलो. स्वयंपाकघराच्या दारातून आवाज यायला हवा होता: "दोन तास नाई भाऊजी, पाऊण तास. अन् ड्रायव्हर रडून नव्हता राहिला, तो घोरून राहिला होता."

आवाज आला नाही. माझे दोन तास तसेच हवेत लटकत राहिले.

तुम्ही नेहमी म्हणायच्या, "भाऊजी, तुमच्या गोष्टीत मटण कमी अन् मसाला लय." खरं आहे. पण मसाला मी बिनधास्त टाकायचो, कारण तो काढून टाकायला तुम्ही बसलेल्या असायच्या. आता हे घर माझ्या तोंडाच्या हवाली आहे, वहिनी. विचार करा, काय होईल या खानदानाचं.

म्हणून आज लिहितो आहे, आणि मसाल्याशिवाय लिहितो आहे. कारण नुसतं रडणं नाही. कारण ती बस आहे. यंदाच्या थंडीत तुम्ही विहारातल्या बायांना घेऊन विशाखापट्टणमच्या त्याच डोंगरावर, तोटलकोंड्याला, जाणार होत्या. दुर्गहून सगळ्यांची रेल्वेची तिकिटं तुम्ही काढवून घेतली होती, तिकडची बस बोलून ठेवली होती. तुम्ही गेल्याला महिना झाला आणि सगळे म्हणतात, रद्द करा. दादा म्हणतो, रद्द कर. मी एकटाच नाही म्हणतो आहे. एकटं पडायची मला सवय नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो आहे.

आधी जुनी गोष्ट नीट सांगू द्या. चुकलं तर टोका.

मी भंडाऱ्याकडच्या गावाहून शिकायला तुमच्याकडे आलो तेव्हा तुमचं लग्न होऊन सहा महिनेही झाले नव्हते. भिलाईच्या सेक्टरमधलं, स्टील प्लांटनं दिलेलं दोन खोल्यांचं क्वार्टर. नवीन नवरा-नवरी, आणि मधल्या दारात खाट टाकून वाढत्या भुकेचा एक दीर. तुम्ही कधी तोंड वाकडं केलं नाही, फक्त पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "भाऊजी, इथं घड्याळ भिंतीवर नसते, तुमच्या दादाच्या शिफ्टमधी असते." आणि ते घड्याळही बेभरवशाचं. दादा प्लांटात कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर होता. तिथला नियम सरळ: तुमच्या जागेवर पुढच्या शिफ्टचा माणूस, तुमचा रिलिव्हर, येऊन उभा राहात नाही तोवर जागा सोडायची नाही. तो आला नाही तर सोळा तास झाले तरी तुम्ही तिथंच. कितीतरी वेळा तुम्ही भाजी तीन-तीनदा गरम करायच्या. शेवटी दादा यायचा, सायकल भिंतीला टेकवायचा आणि एवढंच म्हणायचा, "रिलिव्हर नाई आला." तुम्ही विचारायच्या नाही कावून नाही आला. ताट वाढायच्या. मी त्या ताटातलंच दुसऱ्यांदा जेवायचो, हेही सांगून टाकतो. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही पोळ्याच जास्त टाकायच्या.

आज रसमड्याच्या फॅक्टरीत स्टोअर सांभाळतो, दुर्गात मोहन नगरला घर आहे, पोट सुटलं आहे. त्या पोटाचा पाया तुमच्या क्वार्टरमध्ये घातला गेला.

तर, दादा रिटायर झाला, गुडघे कोक ओव्हनमध्येच ठेवून आला, आणि घराबाहेर पडेना. म्हणून टूर मी ठरवली. मोबाईलवर जाहिरात पाहिली होती: पूर्ण दिवस, सोबत गाईड, प्राचीन अवशेष आणि रम्य समुद्रकिनारा, दुपारचं जेवण त्यातच. मी मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवली. तुम्ही मेथी निवडत होत्या. विचारलं, "अवशेष म्हंजे कोणाचे?"

"बौद्ध विहाराचे. दोन हजार वर्षांपूर्वीचे. डोंगरावर विहार, खाली समुद्र."

तुमची मेथी थांबली. "मंग जाऊ न," तुम्ही म्हणालात. माझ्या एखाद्या सूचनेला तुम्ही पहिल्या फटक्यात हो म्हणालात, असं तेवढं एकदाच झालं.

आपण चौघं गेलो. तुम्ही, दादा, मी आणि तुमची जाऊ, कल्पना. विशाखापट्टणमला हॉटेलमधून सकाळी निघताना तुम्ही सगळ्यांना पांढरे कपडे घालायला लावले. "वंदनेले जाऊन राहिलो आपण, लग्नाले नाई." तुम्ही आणि कल्पना पांढऱ्या लुगड्यात, आम्ही दोघं पांढऱ्या सदऱ्यात. बसच्या दाराशी गाईड उभा होता, श्रीनू, गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यानं आपल्याला पाहिलं, चष्मा काढला आणि मला हळूच बाजूला घेतलं. "सार, अस्थि किधर है? टूर में अलाउड नहीं है. फिर भी सीट के नीचे रख लो, मैं किसी को नहीं बोलेगा."

माझी वाचा बसली. तुमची नाही बसली. "भैया," तुम्ही मागून म्हणालात, "अभी तो चारों जिंदा हैं. शाम का तुम्हारे ड्रायव्हर पर है."

सगळी बस हसली. श्रीनू इतका शरमला की त्यानं आपल्याला पुढच्या सीटा दिल्या, आणि दिवसभर तुम्हाला 'आंटी' म्हणत पाण्याच्या बाटल्या आणून दिल्या. बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं की संध्याकाळी याच आंटी त्याची शिट्टी मोडणार आहेत.

सकाळभर पाणबुडीचं संग्रहालय पाहिलं, टेकडी पाहिली, जेवायला उशीर झाला. तोटलकोंड्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. बस वरपर्यंत गेली. दादा उतरला नाही. खिडकीतून दगडी पायऱ्या पाहिल्या आणि म्हणाला, "तुमी या पाहून. माह्या गुडघ्याले काय दाखवता." श्रीनूनं सगळ्यांना गोळा केलं. "इधर साधू लोग रहता था. इधर खाता था. ये पानी का टंकी. फोटो ले लो. ट्वेंटी मिनट. उसके बाद बीच, अंधेरा होने से पहले!"

मी आठवडाभर आधी वाचून तयारी केली होती, त्यामुळे दगडात खोदलेल्या त्या टाक्यापाशी मी माझं वेगळं व्याख्यान सुरू केलं. श्रोते दोन, कल्पना आणि एक शेळी. मध्येच कल्पना उठून गेली.

तुम्ही कोणाचंच ऐकत नव्हत्या. विटांच्या त्या खोल्या ओलांडून, जिथं आता भिंती गुडघ्याएवढ्याच उरल्या आहेत, तुम्ही सरळ स्तूपापाशी गेल्या. चपला काढल्या. पंचांग प्रणाम केला. त्रिशरण-पंचशील म्हणालात, अगदी हळू. आणि पदर सावरून बसल्या.

शिट्टी झाली. लोक बसकडे वळले. दुसरी शिट्टी झाली. श्रीनू माझ्याकडे आला, "सार, आंटी को बोलो न." मी गेलो.

"वहिनी, बस सुटते."

"हं."

"वहिनी, सगळे वाट पाहून राहिले."

"पाहू द्या. बुद्धानं का कमी वाट पाहिली?"

 मी तिथंच उभा राहिलो, माझे बूट हातात. मागून लोकांचे आवाज वाढत होते. रायपूरची एक नवी नवरी होती, कोपरापर्यंत चुडा, नवऱ्याबरोबर पहिल्यांदाच समुद्रावर आलेली. दिवसभर ती एकच विचारत होती, उजेड असताना पाण्यात उतरायला मिळेल ना? तिचा नवरा आला, हात जोडून म्हणाला, "अंकल, प्लीज. इनको बोलिए ना." मी हात जोडले, तुमच्याकडे बोट केलं, आणि पुन्हा हात जोडले. दोन देवळांच्या मधे सापडलेल्या भक्तासारखी माझी गत झाली होती.

शेवटी तुम्ही उठल्या. चपला घातल्या. माझं तोंड पाहिलं असणार, कारण चालता चालता म्हणालात, "भाऊजी, हे लोक इथून उठून गेले तवा याईचा रिलिव्हर आला नाई वाटते. कितीक वर्षं जागा खाली पडून हाय. म्हणलं, थोडा वेळ आपण सांभाळू."

मी हातातले बूट तसेच धरून बसपर्यंत आलो. 

आपण किनाऱ्यावर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. समुद्र नुसता ऐकू येत होता. ती रायपूरची पोरगी पाण्यात उभी राहिली, तिच्या नवऱ्यानं मोबाईलचा उजेड धरला, आणि फोटोत आले दोन डोळे आणि चुडा. ती रडली. ते तुम्ही पाहिलं. तुम्ही जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण माफी मागितली नाही.

तिथून आपला वाद सुरू झाला आणि तो आजपर्यंत संपलेला नाही. मी म्हणायचो, "वहिनी, तुमची शांती चाळीस लोकांच्या समुद्रावर बसली होती." तुम्ही म्हणायच्या, "समुद्र कुठं चालला हाय? उद्या बी तिथंच राहील." मी म्हणायचो, "त्या पोरीचा उद्या नव्हता, तिची रात्रीची गाडी होती. आणि विहार तरी कुठं पळून चालला होता?" तुम्ही म्हणायच्या, "विहार तर पळून गेलाच हाय. विटाच उरल्या. म्हणून तर बसली." प्रत्येक सणाला, प्रत्येक जेवणात. प्रज्ञा कंटाळून म्हणायची, "मम्मी, काका, आप लोग कोर्ट में जाओ." दादा कधीच कोणाची बाजू घ्यायचा नाही. वरणात पोळी बुडवत बसायचा.

ऐका वहिनी. तुम्ही गेल्या म्हणून मी माझी बाजू सोडणार नाही. लोक माणूस गेल्यावर त्याचं सगळं बरोबर होतं असं म्हणू लागतात, ते मला जमायचं नाही. ती पोरगी रडली, ते चूकच झालं. पण एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती, कारण सांगितली असती तर वादात मी हरलो असतो. तुम्ही बसल्या होत्या आणि मी बूट धरून मागे उभा होतो, तेव्हा पहिली दहा मिनिटं मी चिडलेलो होतो. नंतर नव्हतो. खालून समुद्राचा वारा येत होता, तुमच्या डोक्यावरचा पदर हलत होता, तुम्ही हलत नव्हत्या. क्वार्टरमध्ये इतकी वर्षं राहिलो, पण तुम्हाला नुसतं बसलेलं मी तोवर पाहिलंच नव्हतं. कधी हातात मेथी, कधी दादाचा सदरा, कधी प्रज्ञाची वेणी. तिथं हात रिकामे होते. मला वाटलं, बसू दे.

वाटलं, आणि बाहेर येऊन मी तुमच्यावर चिडलो. असा मी.

यंदाच्या बसचं तुम्ही मनावर घेतलं ते दिवाळीच्या आसपास. "यंदा आपलीच बस करू. शिट्टी मारणारं कोणी नाई." श्रीनूचा नंबर तुम्ही जपून ठेवला होता, मलाच फोन करायला लावला. आणि लगेच आपण भांडलो, कारण दिवसाचा क्रम ठरवायचा होता. मी म्हणालो, आधी समुद्र, मग विहार. समुद्र पाहून झाला की मग बसा रात्रीपर्यंत, कोणी रडणार नाही. साधी गोष्ट होती. तुम्ही म्हणालात, "अन् बाया पाण्यात गेल्या की भिजल्याशिवाय राहतील का? ओल्या लुगड्यानं विहारात बसवता त्याईले? चित्त कुठं राहील, लुगडं वाळवण्यात." मी म्हणालो, "बाया समुद्र पाहायला चालल्यात वहिनी, तुमच्या भाषणाला नाही." तुम्ही लाटणं दाखवलं. ठरलं काहीच नाही. मग तुम्हाला ताप आला, आणि पुढचं तुम्हाला माहीत नाही, मला माहीत आहे, ते मी इथं लिहिणार नाही.

दादाचं सांगतो. दादा मागच्या पडवीत बसतो. सकाळी बसतो तो प्रज्ञानं हाक मारली तरच उठतो. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जात नाही. मी रसमड्याहून सुटलो की स्कूटर तिकडेच वळवतो, त्याच्या शेजारी बसून एकेक गोष्ट सांगतो. दहा वाक्यं मी बोलतो, तो "हं" करतो. तिकिटांचं मी काढलं तर म्हणाला, "रद्द कर. ज्याईनं ठरवलं तेच नाई." विहारातल्या बायाही म्हणाल्या, "भाऊ, पुढच्या सालले जाऊ." पुढचं साल! 'नाही' म्हणायची ती आपल्याकडची सभ्य रीत आहे, तुम्हीच सांगायच्या. प्रज्ञा म्हणाली, "काका, पापा की हालत देखो ना. ट्रेन में कुछ हो गया तो? आत्ता नको."

तिचं चूक नाही. ती बापासाठी घाबरली आहे. मी पण घाबरलो आहे, पण वेगळ्या गोष्टीला. ही बस गेली नाही तर तो त्या पडवीतून पुन्हा उठणार नाही. मला दिसतं आहे ते.

आता माझा इतिहास पाहा. मी पेटी शिकायला घेतली, 'सा' च्या पुढं गेलो नाही. सकाळचं फिरणं सुरू केलं, ते जलेबीच्या दुकानापाशी संपलं. मी काही तडीस नेईन यावर कल्पनाचाही विश्वास नाही. ती म्हणाली, "तुमी बस नेता? तुमाले डबा नेणं आठवत नाई." तरी मी बायांच्या घरोघरी गेलो. एकेकीच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, जयभीम, तिकिटं रद्द केलेली नाहीत, ज्यांना यायचं त्यांनी या, मी जाणार आहे, तुम्ही नाही आल्या तर रिकाम्या बसमधून जाईन. एक म्हातारी म्हणाली, "एकट्या मानसाले बस कावून लागते? सायकलनं जा." मग तीच पहिली तयार झाली. हळूहळू बाकीच्या झाल्या. प्रज्ञा शेवटी म्हणाली, "पापा मान गए तो मैं नहीं रोकूँगी."

राहिला दादा.

परवा संध्याकाळी मी पडवीत दादाजवळ बसून श्रीनूला फोन लावला, बस पक्की करायला. मुद्दाम त्याच्या कानाशी लावला, आवाज मोठा ठेवून. श्रीनूनं ओळखलं. खूश झाला. "अरे सार! वो वाइट साड़ी वाली आंटी आ रही हैं ना? इस बार भी बैठेंगी?" आणि हसला. "तो ऐसा करते हैं सार, बीच पहले रख देते हैं. फिर आंटी को जितना बैठना है बैठने दो. मैं सीटी नहीं मारूँगा."

म्हणजे माझंच म्हणणं, वहिनी. शब्दाला शब्द. दिवाळीपासून मी तेच सांगत होतो. जिंकलो होतो मी. आणि माझ्या तोंडून निघालं, "नहीं. पहले विहार. बीच बाद में. उजाला रहते निकलेंगे, लेकिन पहले विहार."

कावून म्हणालो ते विचारू नका. तुमची बाजू मांडायला आता तिथं कोणी नव्हतं, म्हणून ती मला मांडावी लागली. माझी मी नंतर मांडेन.

"ओके सार, ओके. और आंटी? आंटी को आगे की सीट दूँगा."

 गोष्टी सांगणारा माणूस मी, एक साधं वाक्य मला सांगता येईना. श्रीनू "हॅलो, हॅलो सार" करत राहिला.

दादानं माझ्या हातातून फोन घेतला.

"आंटी नहीं है," तो म्हणाला. "मैं उनका मिस्टर बोल रहा हूँ. वो खिड़की वाला."  मग श्रीनू हळू आवाजात काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही. दादा "हाँ" म्हणाला, पुन्हा "हाँ" म्हणाला. आणि मग त्याच्या जुन्या, ड्युटीवरच्या आवाजात विचारलं, "वो जगह पे कुर्सी मिलेगी क्या? मेरे को नीचे बैठना नहीं जमता. घुटने का प्रॉब्लेम है."

कुर्सी मिळत नाही म्हणे तिथं. जुनी जागा, आत काही ठेवू देत नाहीत. पण छोटं काही सोबत आणलं आणि जाताना उचलून नेलं तर तो बोलून पाहील, म्हणाला.

काल मी गेलो तर दादा पडवीत नव्हता.  प्रज्ञा दारातच उभी होती, हसत होती की रडत होती कळेना. "काका, पापा सुपेला मार्केट गए हैं. अकेले. मेरे को साथ नहीं आने दिया." अर्ध्या तासानं तो ऑटोतून उतरला. काखेत घडीचं स्टूल, निळ्या कापडाचं.  त्यानं ते अंगणात उघडलं, दाबून पाहिलं, बसला. उठला. पुन्हा बसला, हात गुडघ्यांवर, रिकामे.

"हलते थोडं," तो मला म्हणाला. "पण तिथं जमीन सपाट असंन न?"

मी म्हणालो, सपाट आहे. मी पाहिली आहे.

"मंग निघू," दादा म्हणाला.